साळवे सर आणि न पाहिलेली भट्टी

आमच्या प्रयोगशाळेत नवीन माणूस आला की साळवे सर त्याला पहिल्याच दिवशी विचारत, "तुमच्या घरी चुलीपुढं कोण बसायचं?" रसायनशास्त्राची पदवी हातात घेऊन आलेल्या माणसाला हा प्रश्न जरा झोंबायचा. मलाही झोंबला होता. मी म्हटलं, आई बसायची. मग त्यांनी विचारलं, चूल धुमसायला लागली की आई काय करायची? मी म्हटलं, खालची राख ओढून मोकळी करायची. सरांनी समाधानानं मान हलवली. "मग निम्मी झोतभट्टी तुम्हाला आधीच कळलेली आहे, मॅडम. उरलेली निम्मी मी शिकवतो."

ते सगळ्यांना मॅडम आणि साहेब म्हणत. मालकांनाही साहेब आणि फरशी पुसणाऱ्या हिराबाईंनाही मॅडम. हिराबाई पहिले काही महिने मागे वळून बघायच्या, आपल्यामागं कोण मॅडम उभी आहे म्हणून.

दोन हजार सालानंतरची ती पहिली चार-पाच वर्षं. अंबरनाथच्या एमआयडीसीत एका रंगाच्या कारखान्याशेजारी आमची प्रयोगशाळा होती. खाली यंत्रं, वर ऑफिस. पाणी, सिमेंट, कोळसा, काय वाटेल ते तपासायला यायचं. पण आमचं खरं नाव होतं ते लोखंडाच्या खनिजासाठी. खाणीतून निघालेले लालसर काळे खडे पोत्यांतून यायचे आणि ते झोतभट्टीत किती लवकर आणि किती पूर्ण लोखंड होतील, हे आम्ही सांगायचो. आम्ही म्हणजे साळवे सर. बाकीचे आम्ही पोती फोडायचो.

चाचणी दिसायला साधी होती. खडे एका उभ्या नळीत भरायचे, नळी तराजूला टांगायची, भोवतीची विद्युतभट्टी लालबुंद करायची आणि खालून कार्बन मोनॉक्साइड सोडायचा. हा वायू खनिजातला प्राणवायू ओढून घेतो. प्राणवायू गेला की खड्यांचं वजन उतरतं. तीन तास तराजूकडं बघत बसायचं आणि वजन लिहीत जायचं. खऱ्या झोतभट्टीत हेच घडतं, फक्त तिथं तो वायू जळत्या कोकपासून, म्हणजे भाजून काढलेल्या दगडी कोळशापासून, तयार होतो. खनिज चटकन प्राणवायू सोडणारं असेल तर कोक कमी लागतो. हट्टी असेल तर वायू काम न करताच वरून निघून जातो आणि भट्टी कोक खात राहते.

नळीच्या वरच्या टोकाला उरलेला वायू जाळून टाकायला एक छोटी ज्योत असे. निळी. सरांचं अर्धं लक्ष तराजूकडं आणि अर्धं त्या ज्योतीकडं. "वर जाणाऱ्यात अजून किती काम शिल्लक होतं, ते बघायचं," असं ते म्हणत. हे वाक्य ते खनिजाबद्दल जितकं वापरत तितकंच माणसांबद्दल. एखादा हुशार माणूस नुसत्या सह्या करत बसलेला दिसला की सर हळूच मला म्हणत, "ज्योत बघा केवढी मोठी आहे." मला हसू आवरायचं नाही, आणि तो माणूस बिचारा आपल्या डोक्याकडं हात न्यायचा.

हिराबाईंचं असंच झालं. त्या जवळच्या चामटोली गावाहून यायच्या, झाडूपोछा करायच्या. चाचणीआधी खनिज चाळून एकाच मापाचे खडे वेगळे काढावे लागतात, आणि आमच्यातल्या एकालाही ते नीट जमत नव्हतं. चाळणी हलवून हलवून हात गळून जात, तरी बारीक चुरा खड्यांत राहायचाच. एकदा हिराबाई झाडू बाजूला ठेवून म्हणाल्या, "सायेब, असं नुसतं हलवून काय व्हनार? झटका द्यावा लागतो." त्यांनी चाळणी घेतली, तांदूळ पाखडावेत तशी दोनदा वर उडवली, एकदा तिरकी केली, आणि चुरा बाजूला. सर बघतच राहिले. मग सरांनी हिराबाईंना खनिजाचा ढीग करून, तो भाकरीसारखा चपटा करून, चार भाग पाडून समोरासमोरचे दोन उचलायचं शिकवलं, म्हणजे थोड्या नमुन्यात सगळ्या पोत्याचा स्वभाव उतरतो. आठवड्यात हिराबाई ते आमच्यापेक्षा चांगलं करायला लागल्या. सरांनी मालकांच्या मागं लागून त्यांना नमुने तयार करण्याच्या कामावर बसवलं, आणि मालक कबूल होईपर्यंत रोज सकाळी एकच वाक्य म्हणत राहिले. मालकांनी शेवटी कंटाळून हो म्हटलं.

सर उल्हासनगर कॅम्प एकमध्ये वाढलेले. वडील गिरणीत होते, छपन्न साली दीक्षा घेतलेले. घरात बाबासाहेबांचा फोटो आणि त्याखाली पुस्तकांची फळी, आणि त्या फळीवरचं पुस्तक जेवणाच्या हातानं काढलं तर मार मिळायचा, असं सर सांगत. त्यांचं शिक्षण डिप्लोमापर्यंतचं. सिंधी शेजाऱ्यांत राहिल्यानं त्यांच्या बोलण्यात "अडी" आणि "साईं" सहज येऊन जायचं, आणि बाजारात भाव करताना तर ते पुरते सिंधीच व्हायचे. कॅम्पातल्या एका फरसाणवाल्याची भट्टी फार धूर करायची. सर शेव घ्यायला गेले आणि तासभर तिथंच बसले. कोळशातली भुकटी चाळून बाजूला काढ आणि सारखे खडे भर, मग वाऱ्याला वाट मिळेल, एवढंच त्यांनी सांगितलं. फरसाणवाल्याचा कोळसा कमी झाला आणि सरांना आयुष्यभर शेव मोफत झाली. सर मात्र पैसे देऊनच घेत. त्यावरून दोघांचं दर वेळी भांडण व्हायचं.

आता एक गंमत सांगते, जी आम्हाला फार उशिरा कळली. कंपन्यांचे मोठमोठे इंजिनिअर यायचे आणि सर त्यांना झोतभट्टीच्या पोटात काय चाललंय ते असं सांगायचे की जणू ते आत जाऊन आलेत. वरून खनिज आणि कोकचे थर कसे उतरतात, खालून तापलेला वारा कसा घुसतो, चुरा असला की वायू एकाच भोकातून कसा पळतो आणि बाकीचं खनिज कच्चं कसं राहतं. इंजिनिअर वह्या काढून लिहून घ्यायचे. आणि या माणसानं उभ्या आयुष्यात झोतभट्टी पाहिली नव्हती. कारखान्यांची आमंत्रणं यायची, पण जायचे मालक. सरांना विचारलं तर म्हणत, मी गेलो तर इथली ज्योत कोण बघणार? पण एकदा कॅलेंडरवरचं पोलाद कारखान्याचं चित्र त्यांनी कापून आपल्या खणात ठेवताना मी पाहिलं.

सगळं सुरळीत चाललं होतं ते त्या पावसाळ्यापर्यंत. आमच्याकडं खडे वाळवायला एक ओव्हन होता. वायू नळीत जाण्याआधी एका उभ्या काचेच्या नळकांड्यातून जायचा. त्यात सिलिका जेलचे दाणे असत. वायूतली ओल ते दाणे शोषून घेत. दाणे ओले झाले की त्याच ओव्हनमध्ये वाळवायचे. आणि दुपारी बाराला त्याच ओव्हनमध्ये आमचे डबे गरम व्हायचे. ही सरांचीच परवानगी. सुरुवातीला त्यांनी स्वतः कितीतरी वर्षं गार पोळी खाल्ली होती, म्हणून ते म्हणत, पोरांनी तरी गरम खावं. खालच्या कप्प्यात जेल, वरच्या कप्प्यात डबे. नेहमीचे जेलचे दाणे निळे असत आणि ओलावले की गुलाबी होत, त्यामुळं एका नजरेत कळायचं. त्या महिन्यात निळे मिळाले नाहीत. मालकांनी बाजारातून पांढरे आणले. पांढरे ओले झाले तरी पांढरेच.

जुलैमध्ये एका नव्या खाणीचं खनिज आलं. कोकणात खाडीकाठी एक छोटी झोतभट्टी होती. त्यांना ते खनिज घ्यायचं की नाही, ते ठरवायचं होतं. त्या दिवशी माझ्या डब्यात कढी होती. झाकण सैल होतं. बाराला डबा बाहेर काढला तेव्हा कढी निम्मीच उरली होती. मी फडक्यानं वरचा कप्पा पुसला आणि गप्प बसले. खालच्या कप्प्यात काय गळलं ते वाकून बघितलं नाही, आणि हे मला आजही लाजिरवाणं वाटतं. चाचणी झाली. खनिज फारच चांगलं निघालं. रिपोर्ट गेला.

दोन-अडीच महिन्यांनी फोन आला. त्या कारखान्याच्या भट्टीवरचा फोरमन, शिगवण नाव. मोठ्या साहेबांचा नव्हे, त्याचा स्वतःचा फोन, कुठल्यातरी बूथवरून. त्याचं म्हणणं असं की नवीन खनिज चालू झाल्यापासून भट्टी जास्त कोक खातेय, आणि वरचे म्हणतात खनिज उत्तम आहे, रिपोर्ट आहे, तेव्हा तूच भट्टी नीट चालवत नाहीस. त्याला भट्टीवरून काढून कोळशाच्या आवारात टाकलं होतं. "साहेब, मी तुमच्याशी भांडत नाय," तो म्हणाला. "फक्त एकदा परत बघा. सोळा वर्षं मी हिला भरवतोय. माझं कधी असं झालं नाय."

सरांनी रिसीव्हर ठेवला आणि लगेच राखीव नमुन्याची बरणी काढायला सांगितलं. प्रत्येक खनिजाचा थोडा भाग आम्ही बरणीत ठेवायचो, वाद झाला तर असावा म्हणून. तोपर्यंत निळे दाणे पुन्हा आले होते. चाचणी केली. खनिज हट्टी निघालं. दुसऱ्यांदा केली, तेच. मग सरांनी जुलैची वही उघडली. ते प्रत्येक चाचणीच्या पानावर हवा कशी आहे, जेल कुठला, तेही लिहीत, आणि आम्ही त्यांना त्याबद्दल चिडवायचो. पानावर होतं: जोरदार पाऊस. जेल पांढरा, सकाळी ओव्हनमध्ये, जेवणानंतर भरला. सरांनी त्या ओळीवर बोट ठेवलं. मग उठून ओव्हन उघडला आणि खालच्या कप्प्याची ट्रे बाहेर काढून खिडकीशी नेली.

दुसऱ्या दिवशी त्यांनी असं काही केलं की आम्हाला वाटलं सरांचं डोकं फिरलं. आपली चूक त्यांनी मुद्दाम पुन्हा करायची ठरवली. उरलेला पांढरा जेल ट्रेत पसरला, आम्हाला सगळ्यांना डबे ओव्हनमध्ये ठेवायला सांगितलं आणि ट्रेवर स्वतः वाटीभर पाणी ओतलं. पाणी कशासाठी, हे मी विचारलं नाही. तो जेल नळकांड्यात भरून तिसरी चाचणी लावली. आम्ही पाचही जण तराजूभोवती उभे. वजन जुलैसारखंच भराभर उतरलं. कोरडा वायू ओल्या दाण्यांतून जाताना वाफ घेऊन जात होता. नळीच्या उष्णतेत त्यातून हायड्रोजन तयार होत होता, आणि तो प्राणवायू जास्त चपळाईनं ओढतो. खनिज चांगलं नव्हतं, आमचा वायू बदललेला होता. सर शांतपणे म्हणाले, "सापडलं." त्यांच्या तोंडावर मला आनंद दिसला, आणि त्यामागोमाग तो विझतानाही दिसला.

मालक वासूशेठ वरून धावत आले. माणूस वाईट नव्हता, पण घाबरला होता. चार कारखान्यांना कळलं की इथं डबे आणि खनिज एकाच ओव्हनमध्ये, तर कोण नमुने पाठवणार? नवीन रिपोर्ट द्यायचा तर द्या, त्यांचं म्हणणं, कारण कशाला लिहायचं? नमुन्यात फरक असू शकतो, असं लिहा. "साळवे, साईं, डब्याची गोष्ट कागदावर लिहिणार तू? लोग हसेंगे."

सर म्हणाले, "हसू देत. नमुन्यात फरक लिहिला तर शिगवणवरचा ठपका जात नाही. संशय तेवढा राहतो."

रिपोर्ट मी टाइप केला. सर उभे राहून एकेक शब्द सांगत होते. चूक का झाली, या रकान्यात त्यांनी लिहायला लावलं की जेल वाळवण्याच्या ओव्हनमध्ये कर्मचाऱ्यांचे जेवणाचे डबे गरम केले जात, आणि ही परवानगी खाली सही करणाऱ्याची होती. कढीचं नाव नव्हतं. माझंही नव्हतं. मी टाइप करताना दोनदा थांबले. तेव्हा बोलायला हवं होतं. बोलले नाही.

पोस्टानं पाठवायचं सोडून सर म्हणाले, मी घेऊन जातो. वासूशेठनी डोक्याला हात लावला, पण अडवलं नाही. तराजूच्या आकड्यांच्या वह्या सांभाळायला म्हणून मी बरोबर. एसटीनं घाट ओलांडून गेलो. सरांनी डबा आणला होता. मध्ये एका स्टँडवर टपरीवाल्यानं गरम करून देऊ का विचारलं, तर त्यांनी नको म्हटलं आणि गारच खाल्ला. मला वाटलं, घाईत असतील.

कारखान्याच्या फाटकातून आत शिरलो आणि समोर ती होती. काळी, उंच, अंगभर नळ्या गुंडाळलेली. सर थांबले. मी त्यांच्या तोंडाकडं बघत होते, आता काय म्हणतात म्हणून. ते डोळे मिटून उभे राहिले. भट्टीत शिरणाऱ्या वाऱ्याचा सतत एक घों घों आवाज येत होता, पायाखालच्या जमिनीतसुद्धा. "हिला आवाज असतो, हे कुणी सांगितलं नव्हतं," ते म्हणाले. "मी हिला इतकी वर्षं मुकी समजत होतो." मग त्यांनी डोळे उघडले आणि शेंड्याजवळच्या चिमणीवर जळणारा जादा वायू बघून मला म्हणाले, "मॅडम, ज्योत बघा केवढी." आम्ही दोघंही हसलो. गुन्हा कबूल करायला आलेली माणसं आहोत हे क्षणभर विसरलोच.

मोठ्या साहेबांच्या केबिनमध्ये शिगवणला बोलावून घेतलं होतं. बारीक अंगाचा, कोळशानं काळा झालेला माणूस, दाराशी उभा. साहेबांनी रिपोर्ट वाचला, डब्यांच्या ओळीपाशी आल्यावर त्यांना हसू फुटलं, आणि मग सरांकडं बघून ते थांबले. सर उभेच होते. त्यांनी सगळ्या चाचण्यांचे आकडे टेबलावर मांडले आणि एवढंच म्हणाले की चूक भट्टीची नाही, यांची तर नाहीच, माझी आहे. खनिजाला कोक जास्त लागणारच होता. यांनी तो घातला म्हणून भट्टी थंड पडली नाही. साहेबांनी आकडे दोनदा बघितले. मग शिगवणला म्हणाले, उद्यापासून तुमच्या पाळीवर या.

शिगवणनं मान हलवली. त्याचे डोळे भरले होते आणि ते लपवायला त्यानं एकदम विचारलं, "साहेब, पण डबा कुणाचा होता?"

मी जमिनीकडं बघितलं. सर म्हणाले, "सगळ्यांचे होते."

लोखंड सोडायची वेळ झाली तेव्हा शिगवणनं सरांना हाताला धरून जवळ नेलं, निळी काच डोळ्यांपुढं धरायला दिली. भट्टीचं तोंड फोडलं आणि पांढरं पिवळं लोखंड चरातून वाहायला लागलं. सर काच न धरताच बघत राहिले, शिगवणनं ओरडून काच डोळ्यांवर लावेपर्यंत.  परतीच्या वाटेवरही मी कढीचं बोलले नाही.

त्यानंतर आमच्या ओव्हनवर हिराबाईंनी मोठ्या अक्षरात "डबे ठेवू नका" अशी पाटी लावली. ती त्यांनी स्वतः लिहिली होती, सरांनी त्यांना तेवढं शिकवलं होतं. वासूशेठनी डब्यांसाठी वेगळी शेगडी आणली. नमुने काही कमी झाले नाहीत. उलट तो खाडीकाठचा कारखाना सगळं खनिज आमच्याकडंच पाठवायला लागला, कारण त्या साहेबांचं म्हणणं असं की जी प्रयोगशाळा आपली कढी लपवत नाही तिचे आकडे खरे असणार. डब्याला ते कढी म्हणत, ते का, मला ठाऊक नाही. अंदाजानं म्हणत असावेत. पण ते ऐकलं की मी वही उघडून आकडे बघायला लागायचे.

आम्ही सगळे शेगडीवर डबे गरम करायचो. सर नाही. ते निवृत्त होईपर्यंत गारच जेवले. कुणी आग्रह केला तर म्हणत, सवय झाली.

शेवटचं त्यांना पाहिलं ते बदलापूर गावात, बुद्धपौर्णिमेला. निवृत्तीनंतर ते तिथं मुलीजवळ राहायला गेले होते. माझं लग्न होऊन मीही बदलापूरलाच आले होते. विहाराच्या अंगणात मोठ्या चुलीवर खिरीचं पातेलं चढलेलं आणि चूल धुमसत होती. सर धोतराचा काचा मारून चुलीपुढं उकिडवे बसलेले, चिमट्यानं राख मागं ओढत होते, बारीक निखारे बाजूला काढत होते. थोड्या वेळानं जाळ स्वच्छ लागला. लोकांना वाटप झालं. सरांनी आपली वाटी भरून घेतली आणि ओट्यावर बाजूला ठेवून दिली, गार व्हायला.

मी त्यांच्याशेजारी जाऊन बसले. इकडचं तिकडचं बोलणं झालं. हिराबाईंची सून आता नमुने करते, वासूशेठनी नवा तराजू घेतला, वगैरे. मग मी एकदम म्हटलं, "सर, त्या दिवशी डबा माझा होता. कढी सांडली होती."

त्यांनी चिमटा खाली ठेवला. "माहीत आहे, मॅडम. ट्रेच्या तळाला, दाण्यांखाली लपेल असा, पिवळा डाग होता. एक कढीपत्त्याचं पानपण."

"मग तेव्हाच बोलला का नाहीत?"

"डबे ठेवा म्हणून मी सांगितलं होतं," ते म्हणाले. "कढी पातळच असते. तिचा काय दोष?"

 मी उठून त्यांची वाटी घेतली. वर साय धरली होती. ती पातेल्यात ओतली, पळीनं तळापासून ढवळलं आणि वाटी पुन्हा काठोकाठ भरून त्यांच्यापुढं धरली. वाफ त्यांच्या चष्म्यावर बसली. त्यांनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला, वाटीकडं बघितलं, मग चुलीकडं.

"हीच चूल ना?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, हीच, तुम्ही मोकळी केलेली. हिच्यावर खिरीशिवाय दुसरं काही नाही.

मग त्यांनी वाटी दोन्ही हातांनी घेतली, फुंकर घातली आणि खीर गरम गरम खाल्ली.